एका गावाला एकच चूल

कुसुम, काल तुझी तेरवी झाली. मी सकाळी सातलाच आले होते. वांगी चिरली, पुऱ्या लाटल्या, पंगतीत वरण वाढत फिरले, सगळं केलं. फक्त जेवले नाही. तुझ्या नणंदेनं दोनदा आग्रह केला आणि मग बाकीच्या बायकांना म्हणाली, राहू द्या, तिच्या गळ्याखाली घास उतरत नाही, फार जीव होता दोघींचा एकमेकींवर. मी मान हलवली. जीव होता हे खरंच आहे. पण घास अडला तो दुःखानं नाही, रागानं. मेलेल्या माणसावरचा राग घेऊन कुठं जायचं असतं ते मला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तू म्हणायचीस, अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून या विशाखाची बोली सरकारी झाली, नवऱ्याशी भांडतानाही ही तारीख टाकते. हस बाई. तुला हसायला आता कोण अडवतंय.

आपण दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आलो. तू वरच्या आळीत, मी खाली नदीकडच्या वस्तीत, विहाराला लागून. पहिली कितीतरी वर्षं आपली ओळख हापशीवरची, घागर सरकवण्यापुरती. मग बचत गट निघाला. तू अध्यक्ष झालीस, कारण तुझा आवाज मोठा. मला तू सचिव केलंस, कारण माझं अक्षर चांगलं. बँकेच्या कामाला आपण एसटीनं पुसदला जायचो आणि स्टँडवर आलुबोंडे खायचो. तू दरवेळी चटणी दुसऱ्यांदा मागायचीस आणि तो माणूस दरवेळी कुरकुर करत द्यायचा. माझ्या आयुष्यातली मजा म्हटली तर त्या फेऱ्यांत होती.

मग गेल्या श्रावणात पूर आला. भर दुपारी नदी आमच्या वस्तीत शिरली आणि दोन तासांत विहाराच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. वरची आळीही अर्धी बुडाली. सारं गाव उंचावरच्या शाळेत जमा झालं, ओलं, लेकरं छातीशी धरून. माणसं नुसती एकमेकांकडे पाहत होती. खिचडीच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक पुसदला. तू दगड उचललास आणि कुलूप फोडलंस. ग्रामसेवक म्हणाला, बाई, आधी पंचनामा करावा लागेल. तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. म्हणालीस, "पंचनामा मंग करजा. पहिले भात टाका."

त्या संध्याकाळी गावात एकही माणूस उपाशी राहिला नाही. हे मी कुणालाही सांगेन, कुठंही सांगेन. तुझ्यावर कितीही राग असला तरी हे खोडणार नाही.

आणि तिसऱ्या दिवसाचंही सांगेन. पंगती दोन पडायला लागल्या होत्या. कोणी काही बोललं नव्हतं, आपोआप झालं होतं. वरच्या आळीची माणसं व्हरांड्यात बसायची, आमची माणसं खाली मैदानात ताडपत्रीवर. आम्हालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही, इतकी सवय. तू भाताच्या मोठ्या गंजातून डाव बाहेर काढलास आणि उभी राहिलीस. एक पंगत करा, नाही तर मी वाढत नाही, म्हणालीस. तुझाच चुलतसासरा उठून निघून गेला. तू म्हणालीस, जाऊ द्या, भूक लागली की येतील. दुसऱ्या दिवशी ते आले आणि आमच्या वस्तीतल्या जनाआजीच्या शेजारी बसून जेवले. त्या दिवसापासून कुसुम सांगेल ते खरं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तिथंच माझं चुकलं.

मग मदत यायला लागली. ट्रकमागून ट्रक. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, घोंगड्या आणि जुने कपडे, त्यांचा तर डोंगर. एका गाठोड्यातून नवरदेवाची जरीची शेरवानी निघाली होती, आठवतं? जनाआजीच्या म्हाताऱ्यानं ती अंगात घातली आणि तशीच घालून गाळ उपसायला गेला. तू पोट धरून हसत होतीस. पाहुणे यायचे, फोटो काढायचे, तुला पुढे उभी करायचे. तुला ते आवडायला लागलं होतं, कुसुम. मला दिसत होतं. मी बोलले नाही, कारण एवढं करणाऱ्या बाईनं दोन फोटो काढले तर काय बिघडलं, असं मला वाटलं.

शाळेमागे टिनाची शेडं उभी राहिली. जुन्या घराच्या एका नंबराला एक शेड. माझ्या धाकट्या दिराची बायको सुनंदा पुराआधी आमच्याच घराच्या मागच्या अर्ध्या भागात राहायची, दोन मुलींना घेऊन. दीर जाऊन सहा वर्षं झाली. तिची चूल अलग, तिचा संसार अलग, फक्त घराचा नंबर एक. म्हणून शेडही आम्हाला एकच मिळालं. मध्ये तिनं साडी बांधून आडोसा केला.

पंधराव्या दिवशी मी तुला म्हटलं, आता सामूहिक स्वयंपाक बंद करू. कोरडं धान्य ज्याच्या त्याच्या शेडात देऊ, ज्याची त्याची चूल पेटू दे. माणसं जेवणाच्या घंटेची वाट पाहत बसायला लागली होती. शेतातला गाळ तसाच, पडक्या भिंतींचं सामान तसंच. कुणाचं रेशनकार्ड वाहून गेलेलं, कुणाचा सातबारा, त्याच्या अर्जांना हात लावायला कोणाला सवड नाही, कारण सगळ्या धडधाकट बायका पोळ्या लाटत होत्या. पोट भरण्याचं काम झालं होतं. पुढचं काम कोणी धरत नव्हतं.

तू चिडलीस. "तुले माणसायची भीती समजत नाही, विशाखे. त्यायच्या घरात अजून गाळ आहे, चूल कुठी मांडतीन?"

मी म्हटलं, शेडात मांडतील, तीन विटा लागतात. तू म्हणालीस, अलग चुली पेटल्या की पंगत मोडली. मलाही ती पंगत मोडवत नव्हती. जनाआजी म्हणाली होती, एवढ्या जन्मात पहिल्यांदा असं बसून जेवून राह्यली, चालू द्या माय अजून थोडे दिवस. मग दुसऱ्या दिवशी तू साऱ्या गावाकडून शब्द घेतलास. शेवटच्या माणसाच्या डोक्यावर पक्कं छप्पर येईपर्यंत कोणी अलग चूल पेटवायची नाही. एका गावाला एकच चूल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांच्या आधी.

असा वेडेपणा आपल्याच गावानं करावा. दुसऱ्या गावात लोक अलग निघायला कारणं शोधत होते आणि आपण एका गंजात जेवतो म्हणून मिरवत होतो. एकानं शेडामागे गुपचूप चहा केला तर त्याला शिक्षा म्हणून तू सगळे गंज घासायला लावलेस. तोही हसत हसत घासत होता.

आणि मग ती सकाळ. सुनंदाच्या धाकटीला ताप भरला होता. सुनंदानं शेडाच्या दाराशी तीन विटा मांडल्या, काड्या पेटवल्या आणि पोरीसाठी चहा ठेवला. तू तिकडून आलीस. ओरडली नाहीस, ते तुझ्या स्वभावातच नव्हतं गरिबावर ओरडणं. हसलीस, हातातल्या लोट्यातलं पाणी त्या विस्तवावर ओतलंस आणि म्हणालीस, "एका गावाले एकच चूल. विसरली काय वं, सुनंदे?" सुनंदा शरमली. तू विटा पायानं बाजूला केल्यास, स्वयंपाकघरात गेलीस, अद्रक टाकून चहा केलास आणि स्वतः आणून पोरीला पाजलास. मी बाजूला उभी होते. मला किती भरून आलं होतं म्हणून सांगू. मी सुनंदाला म्हटलं, बघ, आईसारखी आहे.

त्यानंतर तीन दिवसांनी पक्क्या घरांच्या यादीसाठी साहेब लोक आले. त्यांचा हिशेब सरळ होता. एक चूल म्हणजे एक कुटुंब, एक कुटुंब म्हणजे नव्या वस्तीत एक घर. शेडा-शेडातून फिरले, कुठं राख दिसते का, तवा दिसतो का, पाहिलं. कुठंच चूल नव्हती, असंच आम्ही समजत होतो. चार-चार भाऊ पुराआधी अलग राहत होते, ते सारे एक कुटुंब लिहिले गेले. आमचं शेडही एक. सुनंदा आणि तिच्या मुली माझ्या कुटुंबात. लोकांनी सांगायचा प्रयत्न केला, तर साहेब म्हणाले, चूल दाखवा. मी तेव्हा शाळेत उरलेल्या लेकरांची वजनं करत होते. मला कळलं तेव्हा गाडी निघून गेली होती.

दिवाळीच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. तुझं घर दोनदा होतं. एकदा तुझ्या नवऱ्याच्या नावानं, एकदा लेकाच्या, प्रशांतच्या. मी सरळ तुझ्याकडे आले, बाहेरूनच विचारलं. तू पाटा धूत होतीस. म्हणालीस, प्रशांतची चूल पहिलेपासून अलग होती, तुले माहीत नाही काय.

मला माहीत होतं, कुसुम. गावातल्या प्रत्येक घराचं मलाच माहीत असतं, ते माझं काम आहे. पुराआधीच्या उन्हाळ्यात कुटुंब सर्वेक्षण मी माझ्या हातानं लिहिलंय आणि ते रजिस्टर तेव्हा ऑफिसला गेलं होतं म्हणून पुरातून वाचलं. तुझ्या घरासमोर लिहिलंय: चार माणसं, स्वयंपाक एकत्र. सुनंदापुढे लिहिलंय: तीन माणसं, स्वयंपाक वेगळा. तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस आणि मी गप्प घरी गेले. सुनंदाला सांगितलं, साहेबाची चूक झाली. म्हणजे मीही तिच्याशी खोटंच बोलले. तुझ्यासाठी.

त्यानंतर आपण कामापुरतं बोलायला लागलो. गटाच्या मीटिंगमध्ये तू प्रस्ताव सांगायचीस, मी लिहायचे. पुसदला मी एकटीच जायला लागले. आलुबोंडा एकदा खाऊन पाहिला. तेलकट होता.

लोक नव्या वस्तीत जायला लागले. शेडं रिकामी होत गेली. आता तिथं सुनंदा आहे आणि अजून दोन-तीन घरं. मी तिला म्हणते, चल माझ्याकडे. ती म्हणते, बाई, तुमच्या दोन खोल्यांत तुम्हीच सहा जणं. उन्हाळ्यात दुपारी त्या टिनाखाली बसवत नाही, म्हणून तिच्या मुली अंगणवाडीत येऊन अभ्यास करतात. मोठी दहावीला जाईल. ती मला एकदा विचारत होती, मोठी आई, आपलं नाव कधी येईल? मी म्हटलं, येईल. तेव्हा तू जिवंत होतीस आणि मला वाटत होतं, कुसुम काहीतरी करेल.

गेल्या महिन्यात एका दुपारी तू अंगणवाडीत आलीस. लेकरांच्या त्या लहानशा खुर्चीत बसलीस, गुडघे वर करून. सुनंदाच्या पोरी कशा आहेत, म्हणालीस. मी म्हटलं, जाऊन पाहा की, शेड काही लांब नाही. तू भिंतीवरच्या फळांच्या चित्रांकडे वळलीस. मग म्हणालीस, विशाखे, मले एक सांगायचं होतं. तेवढ्यात एक बाई लेकराला घेऊन डोस विचारायला आली. तू उठलीस, मंग येतो, म्हणालीस आणि गेलीस. मी थांबवलं नाही. आठ दिवसांनी तू अंगणात कोसळलीस आणि पुसदला पोचायच्या आधीच संपलीस. चार दिवस मी तेच धरून बसले होते, की तू माफी मागायला आली होतीस. मीच थांबवलं नाही म्हणून मी स्वतःला शिव्या दिल्या, तुझ्या सरणावर लाकूड ठेवताना तुझीच माफी मागितली. आता वाटतं, कोण जाणे, तुला नुसती गटाची सही हवी असेल.

कारण तुझ्या पाचव्या दिवशी तुझी सून आली माझ्याकडे. पूजाला सातवा महिना लागलाय, तिचा आहार माझ्याकडूनच जातो. बसून रडली बिचारी. आईचं आमच्यावर किती ध्यान होतं म्हणून सांगत होती. कौतुक म्हणूनच सांगत होती, कुसुम, तिच्या मनात काही नव्हतं. म्हणाली, मोजणीला साहेब येणार आणि चुली पाहणार हे आईले बाजारात तलाठ्यानं सांगतलं होतं. आई बाजारातून नवा तवा घेऊन आल्या, शेडाच्या मागच्या बाजूनं माझ्यासाठी अलग चूल मांडून दिली, राख पण टाकली. मी विचारलं, विशाखा मावशीले सांगू काय? तं आई म्हणाल्या, "तिले सांगतलं तं ती साऱ्या गावाले सांगन."

पूजाला आहाराचं पाकीट दिलं आणि दारापर्यंत सोडून आले. खरं होतं तुझं. मी साऱ्या गावाला सांगितलं असतं. तासाभरात शेडा-शेडात चुली पेटल्या असत्या. तू मला इतकी बरोबर ओळखायचीस आणि ती ओळख तू अशी वापरलीस.

मग मी वजनाचं रजिस्टर काढलं. काढायला नको होतं. आपल्याकडे बाजार गुरुवारचा. शुक्रवारी मी वजनं घेतली होती. सुनंदाच्या धाकटीच्या नावापुढे माझ्याच अक्षरात आहे: ताप, वजन घेतले नाही. म्हणजे तिच्या आईची चूल तू विझवलीस ती शुक्रवारी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. तुला माहीत होतं. तुझ्या शेडामागे नवा तवा आलेला होता आणि तू हसत हसत तिच्या विस्तवावर पाणी ओतलंस. त्या तीन विटा तशाच राहिल्या असत्या, तर सोमवारी साहेबानं त्या पाहिल्या असत्या आणि आज सुनंदा तिच्या घरात असती.

किती वेळा मी तुझी बाजू घेऊन पाहिली. सवयीनं केलं असेल. लोकांसमोर शब्द दिलेला, मागे कसं यायचं, असं झालं असेल. प्रशांत धड कमावत नाही, पोटच्या पोरासाठी कोणीही करेल. सगळं म्हणून पाहिलं. पण मग तो अद्रकाचा चहा आठवतो. तू तो कसा पाजलास गं?

एवढ्या मोठ्या मनाची बाई तू. कुलूप फोडायला भ्याली नाहीस, चुलतसासऱ्याला भ्याली नाहीस, गावाच्या किती पिढ्यांचं जे होतं ते एका डावानं मोडलंस. आणि पूर ओसरल्यावर, जेव्हा कोणी फोटो काढत नव्हतं, तेव्हा एक घर जास्त मिळतंय म्हणून आम्हाला सगळ्यांना सोडून दिलंस. तुला शिवी देते तर तो भात आठवतो. भात आठवून रडायला जाते तर सुनंदा आठवते. मला धड रडूही दिलं नाहीस.

आता ऐक. तहसीलनं उरलेल्या घरांच्या यादीवर आक्षेप मागवले आहेत आणि उद्या शेवटचा दिवस आहे. नव्या वस्तीत प्लॉट मोजके. एक नाव चुकीचं ठरलं तरच त्या जागी राहिलेलं नाव बसणार. प्रशांतच्या घराचा अजून नुसता पाया झालाय. तुझ्या घरात तीन खोल्या आहेत, माणसं तीन, चौथं येणार आहे. सुनंदाकडे टिनाचं शेड आहे.

अर्ज दिला की काय होईल ते मला माहीत आहे. तेरवीच्या पत्रावळीही उचलल्या नाहीत आणि हिनं मेलेल्या मैत्रिणीवर अर्ज टाकला, असं म्हणतील. वरची आळी म्हणेल, शेवटी वस्तीवाल्यांनी दाखवलंच. आपली ती पंगत काल तुझ्या दारात अजून एक होती, कुसुम, मी वाढताना पाहत होते. जनाआजी तुझ्या चुलतसासऱ्याच्या बाजूलाच बसली होती. ती बहुतेक परत तशी बसणार नाही. एवढं एक तू खरंखुरं उभं केलं होतंस आणि ते माझ्या हातून मोडणार आहे. हे दुःख तुझ्या जाण्याहून कमी नाही.

पण त्या पोरीला मी, येईल, म्हटलंय.

आज दुपारी पूजाकडे जाऊन आले. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, रजिस्टर दाखवलं, उद्या कुठं जाणार आहे तेही सांगितलं. तिनं रजिस्टर मिटून परत दिलं. मग म्हणाली, "मी तुम्हाले सांगतलं म्हणून?"

मी हो म्हटलं. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

तर उद्या पहिल्या एसटीनं मी जाते आहे, दोन्ही रजिस्टरं घेऊन. तुझा मुलगा एका घराला मुकेल आणि ते माझ्या सहीनं होईल. तुला आधी सांगून ठेवते आहे, कुसुम. तू मला सांगितलं नव्हतंस.